शिक्का मिळाला का?

पगारातून कापला जाणारा टॅक्स कधी डोळ्यांना दिसत नाही. तोच स्वतःच्या हाताने, नेटबँकिंगने भरायची वेळ आली की मात्र…

शनिवार, १५ मार्च २०२५. रात्रीचे दहा वाजून पन्नास मिनिटं. नखांमध्ये आदल्या दिवशीचा गुलाबी रंग, मांडीवर लॅपटॉप, स्क्रीनवर गोल गोल फिरणारं चक्र आणि खात्यातून नुकतेच उडालेले ३१ हजार ५०० रुपये!

उडालेले म्हणजे शॉपिंगमध्ये नव्हे हं. इतकं कुठलं नशीब? सरकारला भरले होते. निदान भरले असं मला वाटत होतं. बँकेचा एसएमएस तर टुणकन आला, इतके इतके रुपये वजा झाले म्हणून. पण इन्कम टॅक्सच्या पानावर चक्र फिरतंय ते फिरतंयच. शेवटी पान म्हणालं, तुमचं सेशन संपलंय, पुन्हा लॉगिन करा.

संपलंय? अहो, माझे पैसे संपलेत!

आता तुम्ही म्हणाल, शेवटच्या दिवशी रात्री अकराला टॅक्स भरायला सांगितलंय कुणी? बरोबर आहे. पण त्यामागे एक छोटीशी स्टोरी आहे. ऐका.

दहा टक्के कापले, विषय संपला?

मी फ्रीलान्सर. मास कॉमची डिग्री घेतली, एका पेपरात तीन-चार वर्षं नोकरी केली आणि मार्च २०२३ मध्ये राजीनामा देऊन मोकळी झाले. आपला बॉस आपणच, सकाळी दहाला उठायचं, कॅफेत बसून लिहायचं, असा सगळा कूल फंडा. साताऱ्याला फोन करून बाबांना सांगितलं, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, "बरं. मग पगार कोण देणार?"

त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला. तब्येत, पाऊस, शेजारच्यांच्या मुलाचं लग्न सगळं बोलून झालं की हळूच प्रश्न यायचा, "नोकरीचं काय झालं?" जसं काही मी नोकरी बघतेय आणि तोवर वेळ जावा म्हणून लिहितेय.

तुम्ही ऑफिसला जाणारी मंडळी जाम सुखी आहात, हे मला नोकरी सोडल्यावर कळलं. तुमचा टॅक्स अकाउंट्स डिपार्टमेंट कापतं, तेच भरतं, वर्षाच्या शेवटी सर्टिफिकेटही हातात ठेवतं. तुम्ही फक्त वैतागायचं. मला वाटायचं, माझंही तसंच आहे. क्लायंट लेखाचे पैसे देताना दहा टक्के टीडीएस कापतोच की. कापले, विषय संपला.

विषय संपला नव्हता. एक तर सगळेच क्लायंट कापत नाहीत. तेव्हा वर्षाला ३० हजारांपर्यंतच्या फीवर टीडीएस नव्हता (१ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ५० हजार झाली), आणि माझी अर्धी कामं पाच-सात हजारांची. परदेशातला एक क्लायंट होता, तो तर पूर्ण पैसे पाठवायचा. मी खूश! शिवाय दहा टक्के हा काही माझा एकूण टॅक्स नव्हता, तो होता नुसता बयाणा.

जुलै २०२४ मध्ये रिटर्न भरायला ओळखीतल्या एका सीए ताईकडे गेले. कागद चाळता चाळता तिने विचारलं, "अ‍ॅडव्हान्स टॅक्स किती भरलास?"

"अ‍ॅडव्हान्स? कशाचा?"

तिने पेन खाली ठेवलं. मग जे कळलं ते असं. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा टॅक्स १० हजार किंवा त्याहून जास्त होणार असेल, तर तो वर्ष संपायची वाट न बघता चार हप्त्यांत भरायचा. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा. जसे कमवाल तसे भरा. नाही भरला तर महिन्याला १ टक्का दराने व्याज, तेही दोन वेगवेगळ्या प्रकारांनी.

मी काहीच भरलं नव्हतं. टॅक्स निघाला २६ हजार, वर व्याज सव्वादोन हजारांच्या पुढे. आणि खात्यात? लडाखचे फोटो होते!

रूममेटकडून १५ हजार उसने घेतले आणि त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा नेटबँकिंगने टॅक्स भरला. पॅन टाका, ओटीपी टाका, वर्ष निवडा, टॅक्सचा प्रकार निवडा, बँक निवडा, पासवर्ड टाका. पाच मिनिटांत वर्षभराची मजा वसूल. बाबांना यातलं काहीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं वाक्य काय आलं असतं, ते मला पाठ होतं.

"मॅडम, तुम्ही नक्की करता काय?"

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी स्कूटर घ्यायची ठरवली. पुण्यात स्कूटर नसणं म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. कर्जासाठी एका बँकेत गेले. समोरचा मुलगा माझ्याच वयाचा, टाय वगैरे लावलेला.

"सॅलरी स्लिप, मॅडम?"

"नाहीये. मी फ्रीलान्सर आहे."

"म्हणजे हाऊसवाइफ?"

"म्हणजे पत्रकार. स्वतःचं काम करते."

"अच्छा, बिझनेस. मग दुकानाचं लायसन्स? जीएसटी नंबर?"

दुकान नाही. आणि सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीचा नंबर घ्यावा लागत नाही, तो माझ्याकडे कुठून येणार? शेवटी तो म्हणाला, मागच्या तीन वर्षांचे बिझनेसचे रिटर्न आणा. माझ्याकडे होता एक. तोही व्याजासकट, शेवटच्या आठवड्यात भरलेला. "मॅडम, तुम्ही नक्की करता काय?" हे त्याने हसत हसत विचारलं, वाईट हेतूने नाही. पण तो प्रश्न घेऊन मी रिक्षाने घरी आले.

छापून आलेले लेख मी फाइल करून ठेवले होते. शंभरेक असतील. त्या टेबलावर त्यांची किंमत शून्य होती. नोकरदाराकडे ओळखपत्र असतं, पगाराची स्लिप असते. दुकानदाराकडे पाटी असते. माझ्याकडे काय? मी रोज दहा तास काम करते, त्यावर घर चालवते, हे सांगणारा सरकारी शिक्क्याचा एकच कागद जगात होता. आणि तो भरायला मी वर्षभर विसरले होते.

बिस्किटांचा डबा

पुढच्या वर्षाचा जूनचा हप्ता तर हे कळायच्या आधीच हुकला होता, आणि सगळं माहीत असूनही सप्टेंबर, डिसेंबरचेही हुकले. का? क्लायंटने पैसे उशिरा दिले, डिपॉझिट वाढलं… कारणं भरपूर, वाचायलाही कंटाळाल. पण मार्चचा चुकवायचा नाही, अशी शपथ घेतली होती. पैसे बाजूला काढले होते. फक्त होळीला साताऱ्याला गेले, आणि पुरणपोळी खाऊन माणूस जसा सुस्तावतो तशी सुस्तावले.

आमच्या भागात खरा रंग रंगपंचमीला. पण गल्लीतली पोरं आता थांबतात कुठे? धुळवडीलाच सगळ्यांना रंगवून मोकळी झाली. शनिवारी दिवसभर नखं घासत बसले आणि रात्री जेवताना घास हातातच राहिला. आज पंधरा तारीख!

ताट तसंच सोडून लॅपटॉप काढला. बाबा शेजारी येऊन बसले. "एवढ्या रात्री कसलं काम?"

"टॅक्स भरतेय."

ते काही बोलले नाहीत. फक्त चष्मा लावला.

बाबांबद्दल सांगायला हवं. त्यांची साताऱ्यात छोटी प्रेस. आधी ट्रेडल मशीन, खिळे जुळवून छपाई, नंतर ऑफसेट. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं. पत्रिका मोबाइलवर जायला लागल्या तसं काम आटलं, पण शटर अजून रोज उघडतं. बाबांच्या टेबलाच्या खणात पत्र्याचे तीन डबे असायचे. एक कागदवाल्याचा, एक कामगारांचा, एक सरकारचा. रोजच्या गल्ल्यातून तिन्हीत थोडे थोडे पैसे पडायचे. सरकारच्या डब्याला हात लावायचा नाही, हा नियम आईलासुद्धा लागू होता. माझ्या सहलीचे पैसे भरायचे राहिले होते तेव्हासुद्धा.

आणि मार्चमध्ये तो डबा बँकेत जायचा. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा बाबांबरोबर गेले होते. ही रांग! चलन लिहायचं, खिडकीत द्यायचं, वाट बघायची. कोणी कुणाला पेन देतंय, कोणी शेजारच्याला चलन भरून देतंय, कोणी मंदीच्या गप्पा मारतंय. मला बाहेर उसाचा रस मिळणार होता म्हणून मी उभी. शेवटी खिडकीतून चलनाचा फाडलेला तुकडा आला. बाबांनी तो उजेडात धरून शिक्का नीट बघितला, घडी घातली, खिशात ठेवला आणि मगच आम्ही रसाच्या गाड्यावर गेलो. शिक्का पुसट असता तर ते परत रांगेत उभे राहिले असते, याची मला खात्री आहे.

तर हेच बाबा आता माझ्या स्क्रीनकडे बघत होते. ज्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायला मी दहा वेळा शिकवलं, ते. मी झपझप रकाने भरत होते. तेवढ्यात त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"वर्ष चुकलंय."

"नाही हो बाबा, चोवीस-पंचवीसच चालू आहे की."

"कमाईचं वर्ष चोवीस-पंचवीस. हे असेसमेंट इयर विचारतंय. पंचवीस-सव्वीस टाक."

मी बघितलं. बरोबर होतं! एका वर्षात कमवायचं आणि पुढच्या वर्षात त्याची आकारणी व्हायची, त्यामुळे एकाच पैशाला दोन वर्षांची नावं. या घोळात भलेभले फसायचे. (२०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने हे प्रकरण काढून टाकलं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला 'कर वर्ष' हे एकच नाव.) चुकीच्या वर्षात पैसे गेले असते, तर माझा टॅक्स भरूनही न भरल्यासारखा झाला असता. पोर्टलवर चलन दुरुस्त करायची सोय आहे म्हणा, पण वर्ष चुकलं असेल तर ती भरल्यापासून सात दिवसांत करावी लागते. आणि चूक झालीय हे सात दिवसांत लक्षात यायला हवं ना!

वर्ष बदललं. प्रकार: अ‍ॅडव्हान्स टॅक्स. रक्कम: ३१ हजार ५००. बँक निवडली, पासवर्ड, ओटीपी, क्लिक.

आणि चक्र फिरायला लागलं.

"बीएसआर नंबर आला का?"

इथे आपण सुरुवातीला होतो. सेशन संपलेलं, पैसे गेलेले, घड्याळात अकरा वाजत आलेले.

"झालं भरून?" बाबांनी विचारलं.

"पैसे तर कट झालेत."

"शिक्का मिळाला का?"

"बाबा, ऑनलाइनला शिक्का नसतो हो!" मी जरा चिडूनच म्हणाले.

"मग बीएसआर नंबर? तो आला का?"

मी बघतच राहिले. हा शब्द बाबांना कुठून माहीत? ते उठले, कपाटावरून बिस्किटांचा जुना डबा काढला आणि माझ्या पुढ्यात उपडा केला. चलनांचे तुकडेच तुकडे. वर्षावार रबरबँड लावलेले. काही रबरबँड इतके जुने, की हात लावल्यावर तुटले.

"ही बघ." त्यांनी एक तुकडा पुढे केला. निळा शिक्का, त्यात बँकेच्या शाखेचा सात आकडी बीएसआर कोड, पैसे भरल्याची तारीख आणि पाच आकडी चलन नंबर. "या तीन गोष्टी असल्या की पैसे पोचले. नसल्या की नाही पोचले. आपल्या खात्यातून गेले म्हणजे भरले असं नसतं. तिकडे जमा झाले याचा कागद हातात आला, की भरले."

गंमत बघा. जून २००४ मध्ये बँकांनी गोळा केलेल्या टॅक्सचा हिशेब ऑनलाइन झाला, तेव्हा हे तीन आकडे आले. त्याआधी चार-चार प्रतींचं चलन असायचं. १ एप्रिल २००८ पासून कंपन्यांना आणि ज्यांच्या हिशेबांना टॅक्स ऑडिट लागतं त्यांना टॅक्स ऑनलाइनच भरणं सक्तीचं झालं. रांगा गेल्या, खिडक्या गेल्या, जून २०२१ मध्ये नवं पोर्टल आलं. पण आजही ऑनलाइन पावतीवर तुम्ही शोधायचं ते तेच तीन आकडे. रिटर्नमध्येही तेच लिहायचे. मी मागच्या वर्षी पावती डाउनलोड केली होती, पण त्यावर काय आहे ते एकदाही वाचलं नव्हतं.

पुन्हा लॉगिन केलं. तिथे भरण्याची हिस्टरी दिसते. माझं चलन होतं, रेफरन्स नंबरसकट. पण पैसे मिळाल्याचा पत्ता नव्हता. तीन आकड्यांपैकी एकही नाही.

"परत भरते," मी म्हणाले.

"कशातून?"

हा प्रश्न बरोबर वर्मी लागला. खात्यात होते ३४ हजार. उरले अडीच. पहिल्या तारखेला घरभाडं. आईने आतून हाक मारली, "माझ्या आरडीतले घे गं." बाबा म्हणाले, "माझ्या खात्यातून भर." पण बाबांचं खातं गावातल्या सहकारी बँकेत, ते पोर्टलच्या नेटबँकिंगच्या यादीत नव्हतं. अशा वेळी चलनाबरोबर एक मँडेट फॉर्म निघतो, तो घेऊन कुठल्याही बँकेतून एनईएफटीने पैसे पाठवता येतात. पण बाबांचा एनईएफटी म्हणजे शाखेत जाऊन, फॉर्म भरून. रात्री साडेअकराला कुठली शाखा?

शेवटी सीए ताईला मेसेज टाकला. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू? पाच मिनिटांत उत्तर आलं. "दुसऱ्यांदा भरू नकोस. सोमवारपर्यंत अपडेट होईल. समजा नाहीच झालं आणि उशीर धरला, तर मार्चच्या हप्त्यावर १ टक्का. ३१५ रुपये. झोप आता."

तीनशे पंधरा रुपये! दोन पिझ्झे सुद्धा नाहीत! मी मोठ्याने हसले आणि लगेच रडूही आलं. मग त्याच भरात बाबांना सगळं सांगून टाकलं. मागच्या वर्षीचे २६ हजार, व्याज, रूममेटची उसनवारी, स्कूटरचं कर्ज, तो टायवाला मुलगा. सगळं.

बाबा चलनं वर्षावार परत लावत होते. वर न बघता म्हणाले, "शहाण्णव साली मी पण व्याज भरलंय. सरकारच्या डब्यातून कागद घेतला होता. लग्नसराई होती, वाटलं भरून काढू." थोडं थांबले. "पत्रिका छापल्या, पैसे बुडाले. ऑफसेटचं कर्ज काढायला गेलो तेव्हा साहेबाने एवढंच विचारलं, तीन वर्षांची चलनं आहेत का? मधल्या वर्षाचं उशिराचं होतं. वर्षभर थांबवलं मला."

म्हणजे त्या तीन डब्यांमागेही एक स्टोरी होती. मला कोणी सांगितली नव्हती एवढंच.

रविवार

रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत मी ते पान किती वेळा उघडलं असेल? मोजणं सोडून दिलं. एक गोष्ट मात्र लक्षात आली. बाबांच्या रांगेत पाय दुखायचे, अर्धा दिवस जायचा, पण चुकलं तर सांगायला शेजारी माणूस होता. खिडकीपलीकडच्या क्लार्कवर ओरडता यायचं. नेटबँकिंगमध्ये आपण, आपला पासवर्ड आणि ते चक्र. मी नशीबवान, माझ्या शेजारी चष्मा लावून एक माणूस बसला होता. पुण्याच्या फ्लॅटमध्ये असते तर? दोनदा टॅक्स भरून, चुकीच्या वर्षात, निवांत झोपले असते!

चहा घेताना बाबांचा पुढचा बॉम्ब. "आणि अडीच हजार भरतेस का?"

"कुठले अडीच हजार?"

व्यवसाय कर! पगारदार वाचकहो, तुमच्या स्लिपवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात ना, तोच. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने आलेला. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याने त्याचं नोंदणी प्रमाणपत्र घ्यायचं आणि वर्षाला २,५०० रुपये राज्य सरकारला स्वतः भरायचे, साधारण ३० जूनच्या आत, हेही आता ऑनलाइन. यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, असं बंधन राज्यघटनेतच आहे आणि ही २,५०० ची मर्यादा १९८८ पासून हललेली नाही. बाबांचं प्रमाणपत्र प्रेसच्या भिंतीवर, गणपतीच्या फोटोशेजारी आहे. लहानपणापासून बघत आले. मला वाटायचं, बक्षीस मिळालंय त्यांना कसलं तरी.

"त्यावर काय लिहिलंय माहितीय?" मी नंतर रूममेटला सांगितलं, "की हा माणूस धंदा करतो. बस्स, एवढंच."

संध्याकाळच्या एसटीने पुण्याला आले. डब्यात कंदी पेढे, डोक्यात ३१ हजार ५००.

सोमवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी पान उघडलं आणि… स्टेटस बदललेलं! पैसे जमा. पावती डाउनलोड केली. सात आकडी बीएसआर कोड. पाच आकडी चलन नंबर. आणि तारीख १५ मार्च २०२५! म्हणजे ते ३१५ सुद्धा वाचले. (आधीच्या तीन हप्त्यांचं व्याज नंतर भरावं लागलंच, तो भाग वेगळा.)

पीडीएफ बाबांना व्हॉट्सअ‍ॅप केली. दोन निळ्या टिका. उत्तर नाही. दहा मिनिटांनी फोन.

"तारीख बघितली. बरोबर आहे."

एवढं बोलून ठेवून दिला. "नोकरीचं काय" विचारायचं बहुतेक विसरले.

चौथा डबा

त्यानंतर मी एक वेगळं सेव्हिंग्ज खातं उघडलं. मोबाइलमध्ये त्याचं नाव 'सरकारचा डबा'. लेखाचे पैसे आले की त्याच दिवशी पाचवा हिस्सा तिकडे. तो टॅक्सपेक्षा थोडा जास्तच होतो, पण जास्त झालेला बघून कुणाचा बीपी वाढत नाही. पंधरा जून, पंधरा सप्टेंबर, पंधरा डिसेंबर, पंधरा मार्च या चार तारखांच्या चार दिवस आधीचे अलार्म. शेवटच्या रात्री बसायचं नाही, कारण त्या रात्री सगळा देश बसलेला असतो. असेसमेंट इयरचा घोळ संपला तरी वर्ष आणि टॅक्सचा प्रकार दोनदा वाचायचा. चक्र फिरत राहिलं तर घाबरून परत पैसे भरायचे नाहीत, आधी हिस्टरी बघायची. आणि सगळ्यात शेवटी, शिक्का! पावती उघडून ते तीन आकडे डोळ्यांनी बघायचे.

व्यवसाय कराची नोंदणीही केली. जूनचा हप्ता दोन दिवस आधीच भरला, पावती बाबांना पाठवली. सप्टेंबरचीही. ते दर वेळी "बघितलं" एवढंच लिहायचे.

मग आली २०२५ ची दिवाळी. लक्ष्मीपूजनाला बाबा दरवर्षी प्रेसमधल्या वह्या पाटावर मांडतात. रोजमेळ, खतावणी, नवं कोरं बिलबुक. या वेळी मांडामांड करता करता मला म्हणाले, "तुझी वही कुठाय?"

"माझी कुठली वही? माझं सगळं लॅपटॉपमध्ये."

ते आत गेले आणि बिस्किटांचा डबा घेऊन आले. वरच्या रबरबँडमध्ये नवे कोरे कागद होते. माझी मार्च, जून, सप्टेंबरची चलनं, प्रेसमधल्या प्रिंटरवर काढलेली, जाड कागदावर. बाबांनी साध्या कामाला तो कागद कधी वापरला नसता. ते त्यांनी आपल्या खतावणीच्या शेजारी ठेवले आणि वर हळदीकुंकू वाहिलं.

"धंदा आहे म्हटल्यावर वही नको?"

आई हसली. मी काही बोलले नाही, कारण बोलता येत नव्हतं.

स्कूटर अजून व्हायचीय. तिसरा रिटर्न भरला की त्याच बँकेत, त्याच टेबलावर जाणार आहे. तो टायवाला मुलगा अजून तिथे असेल तर बरं होईल. मी नक्की करते काय, ते त्याला आता कागद दाखवून सांगता येईल.

आणि हो, साताऱ्याहून फोन अजूनही दर रविवारी येतो. तब्येत, पाऊस, शेजारच्यांच्या सुनेचं डोहाळजेवण सगळं बोलून होतं. शेवटचा प्रश्न फक्त बदललाय.

"धंदा कसा चाललाय?"